सोमवारी न वाजलेली घंटी

"सिस्टर, तुमचा फोन काही आला नाही. म्हटलं, राहिला असेल कामात. म्हणून माझी मीच आले," असं म्हणत आग्नेता बाईंनी कार्ड खिडकीतून आत सरकवलं आणि बाही वर करायला घेतली.

हेर्मीने कार्ड उघडलं. आग्नेता बाई गावच्या शाळेत गणित शिकवायच्या. शेजाऱ्याचं कुत्रं त्यांना दारातच चावलं होतं आणि चौथ्या दिवशी मेलं होतं. पिसाळलेल्या कुत्र्यावरची लस इथे तीन खेपांत देत. पहिल्या दिवशी दोन्ही दंडांत एकेक, सात दिवसांनी एक, आणि एकविसाव्या दिवशी शेवटची. कार्डावर शेवटची तारीख हेर्मीच्याच अक्षरात होती. ती परवाची होती, सोमवारची. आज बुधवार.

"दोन दिवस उशीर झाला," हेर्मी म्हणाली.

"माहीत आहे मला. मी मोजत होते," बाई म्हणाल्या. "पण तुम्हीच म्हणाला होतात ना, मोजायचं कारण नाही, आम्ही फोन करतो. म्हणून दोन दिवस वाट पाहिली."

हेर्मीने सुई टोचली, कापूस दाबून धरायला सांगितला, सही केली. दोन दिवसांनी काही बिघडत नाही असं तिने बाईंना सांगितलं, आणि ते खरंही होतं. बाई गेल्यावर मात्र ती तिथेच उभी राहिली. आग्नेता बाई गणिताच्या होत्या म्हणून आल्या. जे मोजत नाहीत त्यांचं काय?

फ्लोरेस बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या या आरोग्य केंद्रात हेर्मीला अठरा वर्षं झाली होती. त्यातली आठ वर्षं ती या लसीच्या टेबलावर होती, आणि ते टेबल तिने मागून घेतलं होतं. त्या वर्षी केंद्राच्या मागच्या खोलीत तिने एका बाईला मरताना पाहिलं. कुत्रं चावून नऊ आठवडे झाले होते, जखम कधीच भरून आली होती. बाई स्वतःच पाणी मागायची, आणि पेला ओठांजवळ नेला की तिचा गळा आवळून यायचा, सगळं अंग मागे फेकलं जायचं. शुद्ध शेवटपर्यंत होती. आपल्याला काय झालंय ते तिला कळत होतं. एकदा ही लक्षणं सुरू झाली की जगातलं कुठलंही औषध चालत नाही. जे काय करायचं ते त्याच्या आधी, ठरल्या दिवशी करायचं. हेर्मीला तेव्हापासून तारखांची भीती वाटायची.

पूर्वी ती भीती एका जाड डायरीत राहायची. वर्षापूर्वी केंद्रात एक संगणक आला. शहरातल्या एका शाळेने नवे घेतले तेव्हा जुने वाटून टाकले होते, त्यातला हा एक. त्यात लिनक्स हे नेहमीपेक्षा वेगळं सॉफ्टवेअर होतं. केंद्रातल्या बाकीच्यांना ते रुचलं नाही. हेर्मीला मात्र ते आवडलं, कारण ते जे काही करतं ते कुठेतरी लिहून ठेवतं, आणि नीट विचारलं की सांगतं. त्यात तिला आठवण करून देणारा एक छोटा प्रोग्रॅम सापडला. ज्या दिवशी ज्याची लस, त्या दिवशी सकाळी आठला पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी चौकट उघडायची, नाव आणि नंबर दिसायचा, आणि देवळातल्यासारखी बारीक घंटी वाजायची. आठची वेळ तिनेच ठरवली होती. त्यानंतर लोक शेतावर निघून जात आणि डोंगरात फोन लागत नसे. घंटी वाजली की ती फोन करायची. वर्षभरात एक माणूस चुकला नव्हता. चार महिन्यांनी तिने डायरी लिहिणं बंद केलं होतं.

आता तिने खिडकीवर जेवणाच्या सुट्टीची पाटी लावली. सकाळचे साडेनऊ वाजले होते. टेबलाच्या खणातली सगळी कार्डं तिने बाहेर काढली. त्रेसष्ट होती. एकेक घेऊन ती ठरलेली तारीख आणि दिलेल्या लसीची सही जुळवत गेली. तारीख उलटून सही नसलेली किंवा उशिरा झालेली कार्डं डाव्या हाताला. शेवटी डावीकडे चार कार्डं उरली. त्यातलं एक आग्नेता बाईंचं.

दुसरा मासळीबाजारातला हमाल. त्याचीही तारीख परवाचीच. तिने फोन केला तेव्हा तो पाठीवर बर्फाची लादी घेऊन उभा होता. अर्ध्या तासात आला, ओला दंड पुढे केला आणि गेला. तिसरी एक कॉलेजातली मुलगी, तिची तारीख गेल्या आठवड्यातली. ती मौमेरे शहरातल्या वसतिगृहात परतली होती आणि लस तिने तिथेच घेतली होती. हेर्मीने तिच्याकडून बाटलीचा क्रमांकसुद्धा वाचून घेतला.

चौथं कार्ड मोआत फिर्मुस यांचं होतं. वय एकसष्ट, धंदा ताडी काढणं, राहणार वोलोबारा. कुत्रं घरचंच, शेताच्या राखणीचं. उजव्या पोटरीला चावलं, दुसऱ्याच दिवशी घळीत मेलेलं सापडलं. पहिल्या दोन सुया घेऊन आज सोळा दिवस झाले होते. सातव्या दिवसाची सुई नऊ दिवस राहिली होती.

तिने फोन लावला. हा नंबर सध्या संपर्काच्या बाहेर आहे, असं एक गोड आवाजाची बाई सांगत राहिली. कार्डावर दुसरा नंबर वोलोबाराच्या सरपंचाचा होता. तोही लागेना. डोंगरातल्या त्या वाडीला जायला केंद्राची उंच मोटारसायकलच लागे; ओढ्यावरचा रस्ता वाहून गेल्यापासून भाड्याच्या गाड्या तिकडे यायला तयार नसत. मोटारसायकल गोवराच्या लशीला पलीकडच्या गावी गेली होती. एकपर्यंत येईल, असं दुआ लेन्सी म्हणाल्या.

दुआ लेन्सी केंद्रातल्या सर्वांत जुन्या नर्स. वडीलधाऱ्या पुरुषाला इथे मोआत म्हणत आणि बाईला दुआ, तशा त्या सगळ्यांच्याच दुआ होत्या. हेर्मी कामाला लागली तेव्हा शीर शोधायला त्यांनीच शिकवलं होतं.

"काय झालं गं? चेहरा का असा?" त्यांनी विचारलं.

हेर्मीने घंटी वाजली नाही म्हणून सांगितलं. दुआंनी संगणकाकडे पाहिलं, जसं एखाद्या आळशी जावयाकडे पाहावं तसं, आणि ड्रेसिंगच्या खोलीत निघून गेल्या.

एक वाजेपर्यंत हातात काही नव्हतं. पण घंटी का वाजली नाही हे कळल्याशिवाय आणखी कुणाची राहिली आहे, उद्या कुणाची राहील, हेही कळणार नव्हतं. पाच मिनिटांनंतरची एक खोटी आठवण घालून ती समोर बसून राहिली. पाचव्या मिनिटाला चौकट उघडली, घंटी वाजली. तिने प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला आणि दुसरी आठवण घातली. वाजली. संगणकच बंद करून चालू केला. वाजली. आवाज बारीक करून पाहिला, दुसऱ्या खिडक्या त्याच्यावर पसरून पाहिल्या, पडदा झोपू दिला. प्रत्येक वेळी ती एकच गोष्ट बदलायची आणि कागदावर लिहायची. प्रत्येक वेळी घंटी वाजायची. दर वेळी वाजल्यावर तिला जास्तच भीती वाटू लागली. मोडलेली वस्तू दिसते तरी. हिला काहीच झालं नव्हतं, आणि तरी एक माणूस डोंगरावर नऊ दिवस तसाच होता.

मधूनमधून ती सरपंचाचा नंबर फिरवत होती. गोड आवाजाची बाई तेच सांगत होती.

मग तिने कार्डं पुन्हा समोर मांडली आणि तिच्या लक्षात आलं की चारही तारखा सोमवारच्या आहेत. दोन गेल्या सोमवारच्या, दोन या. मधल्या वारांची एकही चुकली नव्हती. त्यात तसं नवल नव्हतं. शून्य, सात आणि एकवीस. जो सोमवारी पहिल्यांदा आला, त्याच्या सगळ्या सुया सोमवारीच. पण त्याआधीच्या सोमवारी घंटी वाजली होती. आग्नेता बाईंची दुसरी सुई त्याच सोमवारची होती, आणि ती वेळेवर होती.

प्रोग्रॅम आपल्या आठवणींचा हिशेब एका फाइलमध्ये ठेवायचा. तिने ती उघडली. दाखवली, दाखवली, दाखवली, अशी ओळीने नोंद. गेल्या सोमवारच्या आठच्या आठवणींपुढे मात्र लिहिलं होतं, 'वेळ उलटून गेली.' परवाच्या पुढेही तेच. दाखवल्याच नव्हत्या. हा प्रोग्रॅम दर मिनिटाला घड्याळ बघतो आणि या मिनिटाची आठवण असेल तर दाखवतो. जी वेळ मागे पडली ती जुनी समजून गुपचूप बाजूला टाकतो. पण आठ वाजता संगणक चालू होता. ती स्वतः समोर होती. चालू असलेल्या घड्याळात आठ वाजलेच नाहीत, असं कसं होईल?

हे मनात आलं आणि तिचे हात कळफलकावरच थांबले.

तरी तिने पाहिलं. आपल्याला उत्तर माहीत आहे म्हणून न पाहणं तिच्या स्वभावात नव्हतं. संगणकाची मोठी नोंदवही उघडून तिने परवाची सकाळ शोधली. दोन ओळी होत्या. दोन्हींत एकच वाक्य, 'घड्याळाची वेळ बदलली गेली.' पहिलीत सात पन्नासचं घड्याळ सात दहावर नेलेलं. दुसरीत साडेसातचं घड्याळ आठ दहावर. मध्ये वीस मिनिटं. आणि बदलणाऱ्याच्या जागी तिचंच नाव.

केंद्रात हजेरीसाठी अंगठा लावायचं यंत्र होतं. साडेसातनंतर अंगठा लागला की नाव लाल व्हायचं आणि महिन्याच्या भत्त्यातून कापलं जायचं. ते यंत्र स्वतःची वेळ याच संगणकाकडून घ्यायचं. दहा महिन्यांपूर्वी दुआ लेन्सींचे यजमान अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना सकाळी दहा मिनिटं उशीर व्हायचा. हेर्मीनेच घड्याळ दहा मिनिटं मागे घेतलं, दुआंचा अंगठा लागला, घड्याळ पुन्हा जागेवर. कोणाचं काही गेलं नाही. मग हळूहळू ते सगळ्यांसाठी झालं. त्याला कोणी खोटेपणा म्हणत नसे. "हेर्मी, जरा हात दे," एवढंच म्हणत.

पण दहा मिनिटांचं ते घड्याळ पावणेआठच्या आत जागेवर यायचं. गेल्या दोन रविवारांपासून चर्चमध्ये मुलांच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या विधीचा हंगाम सुरू झाला होता. एकेका संध्याकाळी पाच-पाच घरी जेवणं, प्रत्येक घरी डुकराचं मटण, मोके या ताडाच्या दारूचे पेले, पहाटेपर्यंत नाच. आणि न जाण्याची सोय नाही, कारण ते आपल्या मुलाच्या वेळी आलेले असतात. सोमवारी सकाळी अर्धं केंद्र आठनंतर डोळे चोळत यायचं. म्हणून घड्याळ चाळीस मिनिटं मागे गेलं. सगळ्यांचे अंगठे लागल्यावर तिने ते साडेसातवरून थेट आठ दहावर आणून ठेवलं. आठ वाजता जे व्हायचं होतं, ते ज्या वेळेत व्हायचं ती वेळच तिने उचलून टाकली होती.

ती उठून नळावर गेली आणि परत आली. फोन फिरवला. या वेळी घंटी गेली.

सरपंच जेवायला शेतातून कड्यावर आला होता, तिथेच काय तो फोन लागायचा. वाऱ्यात त्याचा आवाज तुटत होता. मोआत फिर्मुस? हो, आहेत की. पण दोन दिवस दिसले नाहीत. प्रार्थनेलाही आले नाहीत. अंगात ताप आहे म्हणे, आणि काही खात-पीत नाहीत असं त्यांची बायको म्हणत होती. का हो सिस्टर?

हेर्मीने काय उत्तर दिलं ते तिला नंतर आठवलं नाही. फोन ठेवला तेव्हा दुआ लेन्सी दारात उभ्या होत्या. त्यांनी पडद्यावरच्या दोन ओळी वाचल्या होत्या की हेर्मीचा चेहरा, कोण जाणे. त्यांनी दार लोटून घेतलं.

"हे बघ," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "यंत्र आहे, बिघडलं म्हण. यंत्राला कोण जाब विचारतंय?"

"ते बिघडलेलं नाही, दुआ."

"मग बिघडव. त्यात काय मोठंसं? तुझ्या एकटीच्या अंगावर येईल असं काही करू नकोस. आम्ही सगळ्यांनी अंगठे लावलेत."

त्या मायेने बोलत होत्या, आणि तेच हेर्मीला सहन होत नव्हतं. दुसरं कोणी असतं तर तिने मनात का होईना दोष ढकलला असता. आपल्या मुलाच्या फीला दुआंनी न मागता मदत केली होती, हे तिला याच क्षणी आठवावं याचा तिला राग आला. शिवाय दुआंचं बरोबर होतं. कोणी विचारणार नव्हतं. डॉक्टर दोन दिवस बैठकीला गेले होते, आणि आले तरी लिनक्सची नोंदवही उघडून बघणारं या केंद्रात तिच्याशिवाय कोणी नव्हतं. त्या दोन ओळी पुसणं तिला येत होतं. पाच मिनिटांचं काम.

ती खुर्चीवर बसली. तिने संगणकाची वेळ आपोआप जुळत राहील अशी केली, हाताने बदलायची सोय बंद करून टाकली. सोमवारच्या राहिलेल्या सगळ्या आठवणी पुन्हा घातल्या. मग एका कोऱ्या कागदावर काय झालं ते लिहिलं. किती वाजता कोणी घड्याळ कुठून कुठे नेलं, त्यामुळे कोणाच्या किती सुया राहिल्या, त्यातल्या किती दिल्या गेल्या आणि कोणाची बाकी आहे. बाकी एकच नाव. खाली स्वतःचं नाव लिहिलं. दुसऱ्या कोणाचं लिहिलं नाही. दुआ तिच्या खांद्यावरून वाचत होत्या.

"भत्त्याचं आता काय करायचं लोकांनी?" त्या म्हणाल्या.

"वेळेवर यायचं."

हेर्मीने कागद डॉक्टरांच्या टेबलावर पेपरवेटखाली ठेवून येईपर्यंत दुआंनी लसीची बाटली थंड डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये बसवून ठेवली होती. पट्टा तिच्या खांद्यावर चढवताना त्यांनी तो नेहमीपेक्षा जोरात ओढला.

मोटारसायकल दीडला आली. किनारा सोडला की रस्ता काजूच्या बागांतून वर चढतो, मग डांबर संपतं. ओढ्यात पाणी गुडघाभर होतं. एरवी या घाटात हेर्मी गाडीला घाबरायची. आज तिचं लक्ष तिथे नव्हतं. ती मोजत होती. चावून सतरा दिवस. पोटरीला, म्हणजे डोक्यापासून लांब, हे चांगलं. पहिल्या दोन सुया पडल्या आहेत, जखम साबणाने धुतली होती, हेही चांगलं. पण ताप. पण खात-पीत नाहीत. ती चांगल्याची बेरीज करायची आणि तो शब्द येऊन सगळं पुसून जायचा. वर पोचल्यावर त्या दारातून आत काय दिसेल, याचं चित्र तिच्याकडे आठ वर्षांपासून तयार होतं.

वोलोबारात पंधरा घरं. मोआत फिर्मुसच्या घरामागे मोक्याची भट्टी पेटलेली होती, लांब बांबूंच्या नळ्यांतून दारूचा थेंब थेंब बाटलीत पडत होता. त्यांची बायको, दुआ गोरेती, जाळ सारत बसली होती. सिस्टरला पाहून ती पदराला हात पुसत उठली.

"आत आहेत," ती म्हणाली. "दोन दिवस भिंतीकडे तोंड करून. बोलायला गेलं की खेकसतात."

आत अंधार होता. मोआत फिर्मुस बांबूच्या खाटेवर कुशीवर निजले होते, लुंगीसारखा सारोंग कानापर्यंत ओढलेला. हेर्मी उंबऱ्याशीच थांबली. तिला पुढे जाता येईना.

"मोआत, मी हेर्मी. आरोग्य केंद्रातली."

"हं."

"पाणी देऊ थोडं?"

"नको. पाणी नको." हात सारोंगमधून बाहेर आला आणि त्याने हवेतच काहीतरी दूर लोटलं.

तिने दाराच्या चौकटीला धरलं. आपण नर्स आहोत, आपल्याला ताप मोजायचाय, डोळे बघायचेत, हे सगळं तिला ठाऊक होतं, आणि तिचा हात चौकटीवरून सुटत नव्हता. मागून गोरेती आली.

"त्यांना कशाला पाणी विचारता, सिस्टर? चाळीस वर्षांत मी या माणसाला पाणी पिताना पाहिलं नाही," ती म्हणाली आणि भट्टीवरून आणलेली करवंटी नवऱ्यापुढे धरली. "हं. हे घ्या. हे तर घ्याल?"

मोआत फिर्मुस कोपरावर उठले. त्यांनी करवंटी तोंडाला लावली, आणि लगेच त्यांचा सगळा चेहरा वेडावाकडा झाला. मान मागे गेली. हेर्मीला आपल्याच तोंडून बारीक आवाज निघालेला ऐकू आला. मग म्हाताऱ्याने डावा गाल दाबून धरला, मान उजवीकडे कलती केली, मोके त्या बाजूला घेतलं आणि गिळलं. पुन्हा गिळलं. करवंटी रिकामी केली.

ते उजेडाकडे वळले तेव्हा तिला दिसलं. डावा गाल पेरूसारखा सुजला होता.

"दाढ," मोआत फिर्मुस म्हणाले. "ही एक शिल्लक राहिली होती. तिनेच छळायचं ठरवलंय."

हेर्मी खाली बसली. जमिनीवर, होती तिथेच. मग तिने हात धुतले, दाढ बघितली, ताप मोजला, पोटरीवरची खूण दाबून मुंग्या येतात का, खाज सुटते का ते विचारलं. येत नव्हत्या. वाऱ्याची झुळूक चेहऱ्यावर घेऊन त्रास होतो का, तेही पाहिलं. होत नव्हता. तिच्या हट्टासाठी मोआतांनी एक पेला पाणीही घेतलं, औषध घेतल्यासारखं तोंड करून. मग तिने सुई दिली. कार्डावर आजची तारीख घातली आणि सही केली.

"सातव्या दिवशी का आला नाहीत?" हे विचारायचा आपल्याला हक्क नाही हे माहीत असून तिने विचारलं.

"तुम्ही फोन करणार होतात." त्यात तक्रार नव्हती. "आमच्याकडे दिवस लक्षात ठेवायचे तर ताडाच्या पानाला गाठी मारतात. रोज एक सोडायची. मी त्या दिवशी केंद्राच्या पायरीवर बसून मारायलाही घेतल्या होत्या. तुम्ही म्हणालात, मोआत, आता याची गरज नाही, यंत्र आहे. मग टाकून दिलं पान. फोन आला नाही तेव्हा म्हटलं, लागत नसणार सुई. तुम्हाला जास्त कळतं."

बाहेर थेंब बाटलीत पडत होते. हेर्मीने कार्ड मिटलं.

"यंत्राची चूक नव्हती. सोमवारी लोकांना उशीर होतो म्हणून मी घड्याळ मागेपुढे करायचे. त्यात तुमची वेळ गेली. चूक माझी आहे. मी तसं लिहून दिलंय."

मोआत फिर्मुस खाटेवर उठून बसले.

"मग आता मी वाचलो का?"

हो म्हणावंसं तिला फार वाटलं.

"बहुतेक. नक्की मला सांगता येत नाही. आणखी एक सुई चौदा दिवसांनी. मग तीन महिने काही झालं नाही तर बरीचशी काळजी सरेल."

"बहुतेक," म्हातारा म्हणाला. तो शब्द त्याने दुखऱ्या दाढेसारखा जिभेने चाचपून पाहिला. "बरं. गोरेती, कोंबडी नको कापूस आज, मला चावता येणार नाही. आणि सिस्टरांनाही घाई असेल."

गोरेती भट्टीकडे निघून गेली आणि नंतर हेर्मीशी तिने एक शब्द काढला नाही. जाताना निरोपही दिला नाही. हेर्मीला ते योग्य वाटलं.

दाढेच्या गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगून, डब्याचा पट्टा खांद्याला लावून ती अंगणात आली, तेव्हा मोआत फिर्मुस तिच्या मागोमाग बाहेर आले. कमरेला कोयता, पाठीला ताडी साठवायचा पानांचा द्रोण बांधलेला. दोन दिवस झाडं तशीच होती. आज फुलोरा कापला नाही तर तो सुकून जाईल आणि वर्षाची कमाई तिथेच संपेल, असं त्यांनी सांगितलं. मुलगा मलेशियात होता. दुसरं कोणी चढणारं नव्हतं.

"तुमच्या अंगात ताप आहे," हेर्मी म्हणाली.

"झाडाला काय माहीत."

खोडाला दोन्ही तळवे लावून ते एक क्षण उभे राहिले आणि चढू लागले. खोडात कापलेल्या खाचा पावलांना पाठ होत्या. बघता बघता ते झावळ्यांत दिसेनासे झाले. वरून कोयत्याचा बारीक, सावकाश आवाज येऊ लागला. ऊन कड्यावरून उतरत होतं. खाली समुद्राचा रंग बदलला होता.

"सिस्टर," वरून आवाज आला, "निघालात का?"

"नाही."

"घाटात अंधार होईल."

"तुम्ही उतरा आधी."

"अजून दोन झाडं आहेत."

तिने खांद्यावरचा डबा काढून जमिनीवर ठेवला. कोयत्याचा आवाज थांबला. झावळ्या हलल्या, एक पाऊल बाहेर आलं, आणि खालची खाच चाचपू लागलं. हेर्मी मान वर करून बघत राहिली.